राणी रंगाचं पोलकं

आई, काल तुझ्या पणतीने माझा तो फोटो मोबाइलमध्ये रंगवला. कुठला ते तुला सांगायला नको. कॅम्पातल्या स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि फुलांची कुंडी, पुढे स्टुलावर मी, पाठीला फळी बांधल्यासारखी ताठ. पोरीने त्यावर बोट फिरवलं, जरा थांबली आणि म्हणाली, "आजी, बघ, कलर झाला." बघते तर काय, माझा चेहरा गव्हाळ गोरा आणि अंगातला टॉप बदामी! तुझा लाडका बदामी. पन्नास वर्षांपूर्वी ज्या रंगावरून आपण दोघी आठवडाभर एकमेकींशी धड बोललो नव्हतो, तो रंग त्या यंत्राने चुटकीसरशी तुझ्या मनासारखा करून टाकला. मी म्हटलं, पूस ते. ती म्हणाली, अगं पण किती छान दिसतेस. मी म्हटलं, पूस म्हणते ना! बिचारी घाबरली. मग तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की तो टॉप राणी रंगाचा होता, डोळे दिपवणारा राणी, आणि तुझी आजी काळी होती, अजूनही आहे, आणि काळीच फोटोला बसली होती. तिला सांगता सांगता लक्षात आलं, की ही हकीकत तुला मी कधी पुरती सांगितलीच नाही. म्हणून लिहायला बसले. भांडण मिटवायला बसलेय असं मात्र समजू नकोस.

लहानपणापासून माझ्या अंगावर कुठले रंग चढले ते मी आजही पाठ म्हणून दाखवीन. बदामी, मोतिया, राखाडी, फिका आकाशी, आणि दिवाळीला फार तर फिकट लिंबू. काळेवाडीतल्या आपल्या त्या दोन खोल्या, खिडकीशी तुझं पायाचं मशीन आणि त्याच्या आजूबाजूला शेजारणींच्या कापडांचे ढीग. मोरपंखी, डाळिंबी, हळदी, पोपटी. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, आबा सायकल काढून कंपनीत गेले, की तू मशीनवर बसायचीस, आणि गल्लीतल्या साऱ्या बायकांचे रंग तुझ्या हाताखालून जायचे. मी तुरपाई करायची, हुक लावायची, काजं करायची. दुसऱ्यांच्या पोरींच्या डाळिंबी पोलक्यांना मी हुक लावून देत होते, अंगात स्वतःचं राखाडी घालून. एकदा, असेन दहा-अकरा वर्षांची, शेजारच्या काकूंचं डाळिंबी पोलकं मी नुसतं छातीशी धरून आरशात बघितलं. तू मागून आलीस आणि हातातून काढून घेतलंस. मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. "आपल्या अंगाला भडक न्हाई शोभत, पोरी. काळ्यावर भडक घातलं की मानूस आनखी काळं दिसतं." भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात. तू स्वतः माझ्यापेक्षा काकणभर काळीच होतीस, आणि तुझ्या अंगावरही तेच, धुऊन धुऊन विटलेले फिके रंग. रागाने बोलली असतीस तर मी उलट बोलले असते. त्या साध्या आवाजाला काय उत्तर द्यायचं ते मला त्या वयात कळलं नाही. एकोणिसाव्या वर्षी कळलं.

बाहत्तर-त्र्याहत्तर साल असेल. तू मला अस्तर आणायला नदीपलीकडे कॅम्पातल्या बाजारात पाठवलं होतंस. दुकानात कटपीसचा ढीग फळीवर पडला होता आणि त्यात ते कापड होतं. शेठ म्हणाले, "अस्सल रेशीम हाय बेटी, हात लावून बघ." हात लावला आणि काढवेना. राणी रंग, आणि उजेडात धरलं की आतून केशरी झाक मारायचा. तुरपाईचे साठवलेले पैसे होते जवळ, ते तिथेच दिले. घरी येताना पुलावर थांबून दोनदा पिशवीत डोकावून बघितलं. घरात पाऊल टाकलं आणि तू म्हणालीस, "कुनाचं हाय?" मी म्हटलं, माझं. तू मशीन थांबवलंस. "परत कर." कटपीस परत घेत नाहीत, मी म्हटलं. "मग ट्रंकंत टाक. तुझ्या पोरीला व्हईल, गोरी झाली तर."

गोरी झाली तर! आई, त्या तीन शब्दांनी माझं डोकं फिरलं ते फिरलंच. तुझ्या आवाजात विनोद होता हे मला कळत होतं, पण त्याच रविवारी माझा फोटो काढायचा होता हे तुलाही माहीत होतं. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधल्या मुलाचं स्थळ मावशीने आणलं होतं. त्यांना आधी फोटो हवा होता, पटला तर बघायला येणार होते. त्यासाठी तू बदामी पातळ इस्त्री करून ठेवलं होतंस, आणि पावडरचा नवा डबा आणला होतास. मी त्याच क्षणी ठरवलं. फोटो काढायचा तर या रंगात. ज्यांना बघायचंय त्यांनी मला बघावं, पावडर लावलेल्या बदामी बाईला नको. तसं तुला तोंडावर सांगितलं. मी टॉप शिवणार आहे, म्हटलं, बिनकॉलरचा, कमरेपर्यंत येणारा, कॅम्पातल्या मुली घालतात तसा. तू त्याला शेवटपर्यंत पोलकंच म्हणालीस. "शीव, काय शिवायचं ते शीव. पन त्या कापडाला माझी कात्री लागायची न्हाई."

आता कापणं हे तुझं काम. मला तू सगळं शिकवलंस, पण दुसऱ्याच्या कापडावर कात्री कधी चालवू दिली नाहीस, आणि स्वतःचं कापड माझ्याजवळ कधी नव्हतंच. मग मी आबांकडे गेले. कंपनीच्या टूलरूममध्ये आबांच्या मापाला कुणी बोट लावायचं नाही, हे आपल्या गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. दुपारी कंपनीतून आले, चहा घेतला, मी हळूच विचारलं. त्यांनी आधी तुझ्याकडे बघितलं. तू पाठमोरी, चुलीकडे तोंड करून तांदूळ निवडत होतीस. मग त्यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि आपली पोलादी पट्टी आणि काटकोन बघायचा गुण्या काढला. माझं जुनं बदामी पोलकं पालथं घातलं आणि एकेक माप घेऊन रेशमावर उतरवलं. लांबीला खाली तेवढी भर घातली, बाकी जसंच्या तसं. खडूला ब्लेडने टोक काढलं होतं. "रेघ जाड झाली की माप गेलं," म्हणाले. मग माझ्या हातात कात्री दिली, शेजारच्या काकूंकडून मागून आणलेली. "रेघंच्या आत न्हाई, भाईर न्हाई. बरोब्बर रेघंवर." मी तशीच चालवली. रेशीम कापताना किती बारीक आवाज येतो! आबांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू परदेशातून आलेल्या मशीनचा सुटा भाग त्यांनी हातांनी घडवलाय. तेवढ्यात तू, तांदळावरची नजर न काढता, विचारलंस, "शिलाईला कापड सोडलंस का?" मी वर न बघता म्हटलं, "सोडलंय."

तुझं मशीन तू अडवलं नाहीस, हे कबूल करते. शनिवारी दिवसभर मी त्यावर बसले होते आणि तू माझ्यासाठी जागा सोडून ओट्यापाशी बसलीस. गिऱ्हाईकं आली तर "आज मशीन रिकामं न्हाई" म्हणालीस, का ते सांगितलं नाहीस. रविवारी सकाळी मी टॉप घातला, खाली काळा स्कर्ट. स्कर्ट कसला, तुझाच परकर. आबा म्हणाले, "झ्याक." तू बदामी पातळ घडी करून पिशवीत घातलंस आणि चपला चढवल्यास. आपण दोघी पुलावरून कॅम्पात गेलो, तू दोन पावलं पुढे, मी मागे, आणि रस्त्यावरची झाडून सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. बघू देत. खरं सांगते आई, आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला ते आवडत होतं.

स्टुडिओवाला सज्जन माणूस. त्याने पावडरचा पफ पुढे केला, मी नको म्हटलं. तू पिशवीतून पातळ काढलंस, मी नको म्हटलं. मग तो तुला समजावणीच्या सुरात म्हणाला, "मावशी, काळजी नका करू. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवतो, ताई उजळ दिसतील. सगळ्यांचं करतो." तू म्हणालीस, "व्हय, तेवढं करा." आणि मी स्टुलावरून म्हटलं, "पेन्सिल फिरवली तर फोटो घेणार नाही." इतक्या मोठ्याने, की बाहेर बाकावर थांबलेलं कुटुंब आत डोकावलं. परक्या माणसासमोर तू वाद घातला नाहीस. त्याने दिवे लावले, काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "ताई, हात मांडीवर घ्या. जरा सैल बसा. मान किंचित झुकवा." मी हात अंगाशी गच्च धरून बसले. तो पुन्हा म्हणाला. तू म्हणालीस, "अगं, ऐक की त्यांचं." मी हलले नाही. तशीच, समोर बघत. त्याने सुस्कारा टाकला आणि फोटो काढला.

परतताना पुलाच्या मध्यावर तू थांबलीस. मला वाटलं आता सुरू होणार. पण तू कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत बोललीस. "मला तीन जागी नाकारलं. चाकणच्या बाजाराला आले की बघून जायाचे आन निरोप धाडायचे, पोरगी काळी हाय. तिसऱ्या खेपंला माझ्या बापानं दोन दिस भाकर खाल्ली न्हाई. मग चौथ्या वक्ताला आत्यानं मला पांढरट पातळ नेसवलं, तोंडाला पीठ लावलं आन सांज झाल्यावर बोलवलं त्यांना, कंदिलाच्या उजेडात. तवा तुझे आबा मिळाले." आणि मग माझ्याकडे वळून, "मला काय हौस हाय व्हय तुला फिकं घालायची?" मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "आबांना दिवसा बोलवलं असतंस तरी ते हो म्हणाले असते." तू माझ्याकडे असं बघितलंस, की जणू मी कुणाच्या तरी देवाला शिवी दिलीय.

ते उत्तर मी आजही परत घेत नाही. आबांना मी नंतर विचारलं होतं, तू गेल्यावर. म्हणाले, कंदिलात काय दिसतंय, मी सकाळीच इहिरीवर बघितली व्हती तिला. एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. म्हणजे ते पीठ, ते पांढरट पातळ, ती सांजवेळ, सगळं फुकट होतं, आई. ज्याला तू तुझं नशीब उघडण्याची किल्ली समजून बसलीस आणि जन्मभर माझ्या अंगावर चढवत राहिलीस, त्याची गरजच नव्हती. मला याचा राग येतो. तुझ्यावर नाही, म्हणजे तुझ्यावरही येतो थोडा, पण जास्त त्या तीन घरांवर येतो. एका बाईचा जन्म त्यांनी राखाडी करून टाकला आणि चहा पिऊन आपापल्या गावी गेले.

फोटो आला आणि तू तो हातात घेऊन पहिल्यांदा हसलीस. कारण काळ्या-पांढऱ्या फोटोत माझा राणी रंग काळाच आला होता. टॉप काळा, परकर काळा, मीही काळी. "एवढा आटापिटा केलास, रंग कुठं हाय?" म्हणालीस. मलाही हसू आलं होतं, पण मी दाबलं. भोसरीवाल्यांकडे तोच फोटो गेला. आठ दिवसांनी मावशी निरोप घेऊन आली. रंगाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मुलाची आई म्हणाली होती, "पोरगी लई ताठ दिसती. आमच्या घरात न्हाई वाकायची तिची मान." मी तुला म्हटलं, बघ, रंगाचं काही नाही. तू म्हणालीस, "रंगाचं तोंडावर कोन बोलतं? आन ताठ बसायला तुला सांगितलं कुनी? माझ्यावरचा राग त्या फोटूत काढलास तू. हात मांडीवर घेतला असतास तर काय झिजली असतीस?" तू तेव्हा रडलीस. मुलगा चांगला होता, निर्व्यसनी होता, घरापासून जवळ होता. तुझ्या मनात ते स्थळ बसलं होतं, आणि माझ्या हट्टाने मोडलं असं तू कायमचं धरून चाललीस.

त्यानंतर तो टॉप मी कधी घातला नाही. ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि वर माझी पुस्तकं रचली. तुला हे पुरेसं होतं. "उतरलं का खूळ?" एवढंच विचारलंस, आणि मी गप्प. मग ते तुझं हत्यारच झालं. वर्षभराने मला चिंचवडच्या एका कंपनीत पॅकिंगला काम लागलं आणि पहिल्या पगाराचं मी केशरी पातळ आणलं, तर तू म्हणालीस, "त्या पोलक्यासारखं नको करू, एकदा नेसून ट्रंकंत." कंपनीच्या बसमध्ये ओळख झालेल्या, माझ्यासारख्याच काळ्या माणसाशी मी लग्न ठरवलं आणि शालू निवडायला गेलो, तर तिथेही, दुकानदारासमोर, "हिला भडक आवडतं एक दिवसापुरतं." मी पुढे लाल नेसले, जांभळं नेसले, पिवळंजर्द नेसले, सात-आठ वर्षं तुझ्या डोळ्यांसमोर नेसले. तरी तुझा मुद्दा तू सोडला नाहीस. ज्या एका रंगासाठी मी जग डोक्यावर घेतलं होतं तो मी स्वतःच टाकला, म्हणजे मनातून मला तुझं पटलंय, असा तुझा हिशेब. आणि मी, जी तुला शब्दाला शब्द द्यायची, या एका गोष्टीवर दरवेळी तोंड मिटून बसायची.

तू आबांच्या आधी गेलीस, सवाष्ण गेलीस. गल्लीतल्या बायकांनी तुला आंघोळ घातली, मळवट भरला, आणि रीतीप्रमाणे हिरवंगार लुगडं नेसवलं, लाल काठाचं. तुझ्या अंगावर तसा गडद रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. आणि आई, तुला तो शोभला. इतका शोभला की मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, "बघा, शोभतोय की नाही?" बायकांना वाटलं दुःखाने माझं डोकं ठिकाणावर नाही. काकूंनी मला बाजूला नेऊन पाणी पाजलं. मी शुद्धीवर होते. मला तुला आरसा दाखवायचा होता, दुसरं काही नाही.

तर रंगाच्या बाबतीत मी एक पाऊल मागे घेत नाही. तेव्हा घेतलं नाही, आता घेणार नाही. काल पोरीला मी कॅम्पात नेऊन भडक राणी रंगाचा कुर्ता घेऊन दिला. ती माझ्यावर गेलीय रंगाने, आणि तिला तो असा दिसतो की बघत राहावं. पण तिने घरी येऊन विचारलं, "आजी, मग तुझा टॉप तू एकदाच का घातलास?" आणि मी पुन्हा गप्प बसले. सत्तरी जवळ आली, तू जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि मी एका पोरीसमोर तशीच तोंड मिटून बसले, हे मला आवडलं नाही.

आज दुपारी ट्रंक उघडली. टॉप आहे. रंग तसूभर उतरलेला नाही, हे तुला मुद्दाम सांगते. डाव्या काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवलेली आहे. स्टुडिओत स्टुलावर बसताना ती गेली. आबांनी शिवून झालेल्या पोलक्याचं माप तंतोतंत उतरवलं होतं, शिलाईसाठी कडेला जास्तीचं कापड न धरता. ते आयुष्यभर लोखंड कापत आले, लोखंडाला आत दुमडायला कापड लागत नाही. मी मात्र तुझी पोरगी होते, मला कळायला हवं होतं. तू विचारलंस त्या क्षणी मला कळलं, आणि तोवर सगळे तुकडे कापून झाले होते. मग मी कडेकडेने, दोऱ्याच्या अंतरावर शिवण घातली. रेशीमच ते, किती वेळ धरणार! फोटोवाला हात मांडीवर घ्या म्हणत होता आणि मी हात गच्च धरून उसवलेली बाजू झाकत होते. मान झुकवली असती तर पाठीचीही गेली असती. तुझ्यावरचा राग मी त्या फोटोत काढला नव्हता, आई. आबांना वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण आबा गेल्यावरही बोलले नाहीच. तू "बघ, मी विचारलं होतं" म्हणशील, एवढीच भीती होती. त्यापायी मी तुला रंगाचा मुद्दा जिंकू दिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. टॉपच्या घडीत ठेवून देते. रंगाचं जाऊ दे, त्यावर आपलं जमायचं नाही. पण तांदूळ निवडता निवडता तू एक विचारलं होतंस, आणि मी वर न बघता उत्तर दिलं होतं. नव्हतं सोडलं.